मोहाडीतली नाडीची साथ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या आणि ऐका. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, कॉलेजात पस्तीस वर्षं शिकवलेलं, आणि तरी घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा मी माणूस. अशा या माणसाने एका दुपारी मोहाडीतली अख्खी गल्ली आजारी पाडली!

आमची सून प्रणाली नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा देत होती. एकदा थोडक्यात हुकली होती. यंदा परवाना मिळाला, तरच भंडाऱ्याच्या दवाखान्यातली नोकरी! मग तिला प्रश्न विचारण्याचं काम कोणी घेतलं? अर्थात मी. पहिलाच धडा होता नाडी, ताप, श्वास. "हे शाळकरी पोरांचं आहे, पुढे चल," म्हणून मी तो गाळला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मला धाकधूक सुरू झाली. त्याच धड्यावर प्रश्न आला तर? पोरीचं वर्ष माझ्यामुळे जायचं! निदान आपण तरी वाचावा, म्हणून पुस्तक उघडलं. मनगटावर बोट ठेवून मिनिटभर ठोके मोजा, साठ ते शंभर ठीक. खाली बारीक अक्षरात काहीतरी सूचना होती. पण चष्मा आतल्या खोलीत, तिथे प्रणाली अभ्यासाला बसलेली, आणि दारावर 'शांतता राखा' ही पाटी मीच लावलेली. म्हटलं, राहू दे.

सरावासाठी बायकोचं मनगट धरलं.

"अवो, काहून हात धरून राहिले? लोक पाहतीन ना!"

"बोलू नकोस. एकशे चार!"

"मले काई नाई झालं. भाजी करपून राहिली, सोडा!"

तेवढ्यात शेजारचे रामभाऊ विणकर पेपर मागायला आले. त्यांचा हात धरला. एकशे दहा!

"मागावरून उठून आलो जी सर, म्हणून असन."

पण शेजारी जाऊन पाहिलं, तर त्यांची बायको शेवंताबाई बसून सुताच्या कांड्या भरत होती! तिची एकशे सोळा!

मला घाम फुटला. दोन घरं, तीन माणसं, आणि आकडा चढतोच आहे. दोन्ही घरांत समान काय? रसायनशास्त्र शिकलेलं डोकं ते! नळाचं पाणी!

"कोणी पाणी पिऊ नका!" मी ओरडलो.

रामभाऊंनी धावत जाऊन पाण्याचा भरलेला गुंड नालीत ओतला. दहा मिनिटांत आमच्या ओसरीवर रांग लागली. "मले पाहा जी सर!" "मले त सकाळपासूनच गरगरून राहिलं!" अकराव्या माणसाचे ठोके एकशे अठ्ठावीस. मी किंचाळलो, "गाडी बोलवा!"

पाटीमागचं दार उघडलं. प्रणाली पांढरीफटक.

"काय झालं, मामाजी?"

"साथ! पाण्यातून!"

तिने पुस्तक टाकलं आणि सासूचा हात धरला. "बहात्तर." रामभाऊंचा धरला. "शहात्तर." शेवंताबाईंचा. "सत्तर." मग माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, नाडी कोणत्या बोटानं पाहिली?"

मी अंगठा वर केला.

"अंगठ्याले सोताची नाडी असते, मामाजी! तुमी अकरा जणांची नाई, सोताचीच अकरा वेळा मोजली!"

मग रामभाऊ म्हणाले, "म्हंजे माह्या घरचं पाणी फुकट सांडलं ना जी?"

आणि बायको? "एवढे शिकले, पण अंगठाबहाद्दरच राहिले!"

सगळे हसत घरी गेले. मी मात्र हसू शकलो नाही. पोरीची शेवटची दुपार मी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला परीक्षा केंद्राबाहेर उभा राहिलो. प्रणाली बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मामाजी, तोच प्रश्न आला. नाडी अंगठ्यानं काहून मोजू नये?"

"मग?"

"मग काय! प्रश्न वाचला आन तुमचा वर केलेला अंगठाच डोळ्यापुढं आला."

पुढे ती पास झाली, हे सांगून टाकतो, नाहीतर तुमचेही ठोके वाढायचे. पण त्या दिवशी तिथेच, फाटकासमोर, तिने माझं मनगट धरलं. दोन बोटांनी, नीट, घड्याळ लावून.

"एकशे वीस! बसा आधी."

साथ अजून ओसरली नव्हती.