हवा तितका वेळ

मे महिन्यात कोकणातल्या एका लहानशा बेटावर मला ती बाई दिसली. साठी उलटलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. जुन्या व्हॅनमध्येच गादी, शेगडी आणि पाण्याचे कॅन असं घर मांडून ती एकटीच बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालत होती. आत्ता मात्र व्हॅनची मागची चाकं ओल्या वाळूत रुतली होती आणि भरती चढत होती.

जाळी दुरुस्त करत बसलेले कोळी धावत आले. एक जण म्हणाला, "काकी, चावी द्या. तुम्हाला नाय जमायचं."

"तुम्ही ढकला रे, चालवते मी." चावी काही तिने दिली नाही.

मीही खांदा लावला. चाकं जागीच फिरत राहिली, आमच्या अंगावर चिखल उडाला. पाणी टायरला लागलं, तेव्हा कुठे व्हॅन हिसका देऊन वर आली.

मग तिने सगळ्यांसाठी चहा केला. मी विचारलं, "एकटीला भीती नाही वाटत?"

"वाटते की! मुलगा म्हणतो, सहलीवाल्यांबरोबर जा. पण ते निघा म्हणाले की निघावं लागतं. मला एखादी लाट आवडली, तर बसून राहायचंय."

जग फिरून आलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण एका जागी हवा तितका वेळ बसलेलं मी त्यांच्यातलं कुणी पाहिलेलं नाही.

कोळी कामाला लागले. तिने घडीची खुर्ची उघडली आणि ती समुद्राकडे तोंड करून बसली. आमच्याकडे तिने पुन्हा वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.