पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार, दहा तास

भूतखेत, शकुन, नवस... ही सगळी रिकामटेकड्यांची कामं, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. अजूनही म्हणतो. फक्त त्या एका दिवसाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून लिहितोय.

साल बहात्तर, मे महिना. नागपुरात सदरला एका ट्रॅव्हल एजन्सीत मी क्लार्क होतो. भिंतीवर मोठा नकाशा, खिडकीला वाळ्याचा पडदा. त्या पडद्यावर पाणी मारायला आणि माठ भरायला महाल भागातून गंगामावशी यायच्या. विधवा बाई. एकुलता एक मुलगा अंदमानात वायरमन. तो प्रवासाला निघाला की पोचेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत, त्यांच्या घरची रीतच होती.

सोमवारी सकाळी आठला तो सामानाच्या छोट्या विमानातून पोर्ट ब्लेअरहून कार निकोबारला निघणार, असं पत्र आलं. किती वेळ लागते, हे मावशींनी चार दिवसांत दहादा तरी विचारलं असेल. मी नकाशावर दोरा लावून पाहिलंही होतं – जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर, तासाभराचं काम. पण वैतागलो होतो, आणि शेजारचा टायपिस्ट डोळे मिचकावत होता. म्हटलं, "दहा तास लागते मावशी. समुद्र हाय तो, गंमत नाही." टायपिस्ट खाली मान घालून हसला. मीही हसलो.

सोमवारी ऊन आग ओकत होतं. मावशी पडद्यावर बादलीमागून बादली ओतत होत्या, स्वतःचे ओठ मात्र कोरडे. तीनच्या सुमारास त्या भिंतीला धरून खाली बसल्या, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. ग्लास पुढे केला, खरं काय ते सांगितलं. थट्टा होती, मुलगा नऊलाच पोचला असेल.

त्या रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "नाही बाबू. मले समजते. तो अजून वरतच हाय."

सहाला त्यांनी आपणहून पाणी मागितलं. दोन घोट घेतले... आणि दिवे लागायच्या आत गेल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

मुलगा पंधरा दिवसांनी ऑफिसात आला. त्यानं सांगितलं ते असं – आठला उडाले, तासाभरात उतरले. त्याच्या घड्याळात नऊ, पायलटच्याही नऊच. पेट्रोल तासाभराचंच जळलेलं. पण खाली संध्याकाळचे सहा वाजलेले, अंधार पडलेला, आणि दिवसभर त्यांचा शोध चाललेला.

ते नऊ तास कुठे गेले, पायलटला सांगता आलं नाही. मलाही आजतागायत सांगता येत नाही. माझ्या तोंडून दहाचा आकडा गेला म्हणून विमान अडकलं, हे मी मानत नाही.

जाताना तो म्हणाला, "तासाभराचा तर प्रवास. मायनं दिवसभर पाणी काहून नाही घेतलं?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. टायपिस्ट माझ्याकडे बघत होता.

"आम्ही लय सांगितलं गा," मी म्हणालो. "तिनं ऐकलंच नाही."

माय होतीच हट्टी, असं म्हणून त्यानं डोळे पुसले. तिची शेवटी काळजी घेतली म्हणून माझे आभार मानले आणि गेला.