सुबाभळीखालचं आवळीभोजन

आमचे सर गेले ते नोएडात, चौदाव्या मजल्यावर. ज्या माणसाने निवृत्तीनंतर छताखाली घोटभर चहा घेतला नाही, तो माणूस. मी वाढवून सांगतो हे लखनौच्या विकास नगरपासून महानगर मोहल्ल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, पण चहा ते खरंच गच्चीवर घ्यायचे, जानेवारीच्या धुक्यात, कानटोपी घालून. लखनौला आम्ही मराठी मंडळींनी शोकसभा घेतली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अरे यार, तो माकडांचा किस्सा सांग ना!" आणि शोकसभेत चक्क हशा पिकला. मी खाली बघून सतरंजीची दशी ओढत बसलो.

किस्सा म्हणे!

सर मूळचे अमरावतीचे. उभा जन्म इथल्या एका इंटर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, तेही हिंदीतून. निवृत्त झाल्यावर पाय मोकळे झाले. सर चालायला निघाले की गोमती अंग चोरून त्यांना वाट देते, असं मी इंदिरा नगरच्या मंडईत सांगत असे, आणि भाजीवाले भैयासुद्धा मान डोलवत. कुकरैलच्या जंगलात तर त्यांचा रोजचा राबता. कार्तिकात आमची बँकेतली, सरकारी नोकरीतली बिऱ्हाडं डबे घेऊन आवळीभोजनाला तिथेच जात, आणि झाड सर दाखवत. आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसली की आपण लखनौत नाही, घरीच आहोत असं वाटायचं.

किस्सा घडला त्या वर्षी मात्र सरांचे डोळे जवळजवळ गेलेले. पडद्याचं दुखणं, ऑपरेशनने सुधारण्यातलं नव्हतं. मला कळलं, कारण आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाला त्यांनी "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" असं विचारलं. मी हसलो, तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोणाजवळ बोलू नको बाप्पा. पोराला कळलं तर उचलून नेईल नोएडाले. तिथं लिफ्टनं उतरून झाड पाहाचं, तेही कुंडीतलं!"

मी शपथ घेतली. आजवर मी घेतलेल्या शपथांनी वखार भरेल, पण ही मनापासून होती.

आवळीभोजनाच्या दिवशी नेहमीची वाट पाइपसाठी खणून ठेवलेली. सर भलत्याच वाटेला लागले. पुढे एका झाडापाशी थांबले, मान वर करून पानांची आवळ्यासारखीच झिरझिरीत जाळी उजेडात पाहिली आणि म्हणाले, "बसा इथं." मी वर पाहिलं. चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके लोंबत होते. सुबाभूळ! ते झाड मला सरांनीच शिकवलेलं. पण वहिनी मंडळी खोडाला हळदकुंकू लावायलाही लागल्या होत्या. मी गप्प बसलो.

पंगत बसली, मसालेभात वाढला गेला. तेवढ्यात बँकेतल्या वहिनींची कॉलेजात जाणारी मुलगी वर बघत म्हणाली, "पर अंकल, आँवले कहाँ हैं?"

सर घास हातात घेऊन थांबले.

"बंदरांनी खाल्ले!" मी ओरडलो. "अगं, सकाळी टोळी उतरली इथे, हजारभर तरी असतील. म्होरक्याने आवळे मोजून वाटले. एका म्हाताऱ्या माकडाला दात नव्हते, तर त्याला सुनेने चावून दिले!"

पंगत खदखदून हसली. एका काकांना ठसका लागला, त्यांच्या पाठीवर थापा मारता मारता वहिनींचा पदर वरणात गेला. सरही हसले. शपथेला जागलो म्हणून माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटावीत.

आणि सरांच्या पत्रावळीत वरून एक वाळकी शेंग पडली.

त्यांनी ती उचलली. अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "हे काय आलं रे?"

"वाऱ्याने आली, सर. थेट गोरखपूरहून!"

पुन्हा हशा. या खेपेला सर हसले नाहीत. भाताचे हात धोतराला पुसून ते खोडाच्या आधाराने उठले.

"थांबा सगळे. आवळ्याले शेंगा येत नाहीत. ही सुबाभूळ आहे. मी चुकीच्या झाडाखाली बसवलं तुम्हाला. मला नीट दिसत नाही, लई दिवसांपासून." मग जरा थांबून म्हणाले, "याला ठाऊक होतं. माझ्यासाठी खोटं बोलला तो."

वहिनींनी कुंकवाची डबी हळूच बंद केली. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती रडकुंडीला आली होती. आता कुणी ना कुणी फोन करणार, मुलगा येणार, हे सरांना माझ्याइतकंच कळत होतं. आणि तरी ते उभे राहून बोलले होते. मी मात्र त्यांना पंगतीत बसवून त्यांच्याच डोळ्यांवर सगळ्यांना हसवलं होतं. माझे कान असे तापले की त्यांवर पापड भाजला असता. नाही, पापडबिपड काही नाही. नुसते तापले होते.

डबे आवरले गेले. सर माझ्याजवळ आले. "हात दे. आता लपवाचं काय राहिलं?"

आम्ही पुढे निघालो, बाकीचे मागे अंतर ठेवून. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते तर माझ्या दंडाला धरून चालत होते. वाटेत थबकले.

"सावली आली अंगावर. कोणतं झाड आहे?"

एरवी मी त्या झाडावर दोन गरुड आणि एक साधू बसवला असता. "कडुनिंब आहे, सर," एवढंच म्हणालो.

सरांनी हात वर केला, फांदी सापडेपर्यंत हवेत चाचपडले, एक पान खुडलं आणि तोंडात घालून सावकाश चावलं.

"हो," ते म्हणाले. "कडुनिंबच आहे."