रिकाम्या काट्यावरचं वजन

माझा मामा सव्वीस वर्षं घाटातल्या नाक्यावर, ट्रकच्या वजनकाट्यावर होता. नाक्यापुढचा दीड किलोमीटर रस्ता सरकत्या उतारावरून जायचा, म्हणून बारा टनांवर गाडी नाही आणि एका वेळी एकच गाडी, असा नियम. तो मामाने कुणाच्या बापालाही मोडू दिला नाही. वरून फोन आला तरी म्हणायचा, "साहेब, डोंगराला तुमचं पद कळत नाही." जड गाड्या तो नाक्यामागच्या मैदानात थांबवायचा. लहान गाड्या आल्या की माल वाटून पुढे जायचा. मैदानाला लागूनच त्याच्या दोन खोल्या होत्या. मामी म्हणायची, "लोकांच्या दारात फुलझाडं असतात, माझ्या दारात ट्रकची चाकं!"

त्या वर्षी काट्यावर काही नसतानाही आकडा दिसू लागला. आधी आठ किलो, मग चाळीस. मामा रोज सकाळी बटण दाबून तो शून्य करायचा आणि कामाला लागायचा. "फुकटं गिऱ्हाईक बसलंय कुणीतरी," असं हसण्यावारी न्यायचा. मी सुट्टीत गेले तेव्हा भर दुपारी, रिकाम्या लोखंडी पाट्यावर, दोनशे दहा किलो दिसत होते. मेकॅनिक तारा तपासून गेला, काट्यात खोट नव्हती. मग खोट कशात आहे, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आकडा डोळ्यांदेखत वाढू लागला. मामा उठला आणि पाट्याखालच्या खड्ड्यात वाकून बघू लागला. खड्ड्याच्या भिंती आत येऊन पाट्याला दाबत होत्या. जमीन नाक्याखालीच सरकत होती. उतारावर जाऊ न दिलेलं सगळं ओझं त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या दारात उभं केलं होतं.

तेवढ्यात खोलीतून मामीची हाक आली. "अहो, दार अडकलंय. उघडतच नाही."

खिडकीला गज होते. मी पहार आणायला धावले, तर मामाने माझा दंड धरला. "दणका नको. आधी वजन कमी करायचं. एकेक गाडी, हळू."

मैदानात एकोणीस ट्रक होते. ड्रायव्हरांना त्याने रस्त्यावर उभं केलं आणि एकेकाला बोलावू लागला. एक गाडी आल्या वाटेने परत गेली की शंभर आकडे मोजायचे, मग दुसरी. मी गजांतून मामीचा हात धरून उभी होते. ती म्हणाली, "त्यांना करू दे गं. त्यांना कळतं त्यातलं." मामा आला आणि त्याने मला ओढून दूर नेलं. "तुझंही वजन आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याची भीती वाटली.

अकरावी गाडी गेली आणि दोन्ही खोल्या खाली गेल्या. फारसा आवाजही झाला नाही. धूळ बसली तेव्हा तिथे नुसता उजेड होता.

सगळे ड्रायव्हर वाचले. लोक अजून मामाचं नाव काढतात. आता तो आमच्याकडे असतो, आईला मटार सोलून देतो. गेल्या आठवड्यात सोलता सोलता थांबला आणि मला म्हणाला, "दार फोडायला पाच मिनिटं लागली असती, नाही का?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणाले, "दोन."