एकाच पाइपातल्या वायरी

ती घटना आठवली की आजही माझे पित्त खवळते. नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्याच्या मालकाइतका संताप मला कुणाचाच आला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी फौजदार झाले होते आणि ठाण्यात मला बहुधा बायकांचे जबाब घेण्यापुरते बोलावले जाई. दिवाळीच्या तोंडावर इस्पितळातून वर्दी आली. रंगाच्या मोठ्या मिक्सरमध्ये उतरून सफाई करणारा कामगार, पाती अचानक फिरू लागल्याने, दगावला होता. बटणापाशी त्याचाच मित्र, मशीनचा ऑपरेटर, उभा होता. त्यानेच चुकून बटण दाबले, असा जबाब मालकाने दिला. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवून ऑपरेटरला अटक झाली.

"मी हात लावला नाही," एवढेच तो सांगत होता. वरिष्ठांनी नेहमीच्या रीतीने चौकशी केली. तोच प्रश्न फिरून फिरून विचारायचा, डोळा लागू द्यायचा नाही. सकाळी तो म्हणाला, "दाबलं असेल, साहेब."

"बघा, आला लाइनीवर," वरिष्ठ खूश होऊन म्हणाले. गुन्हा जामीनपात्र होता. पण चाळीत राहणाऱ्या त्या माणसाला जामीनदार कुठून मिळणार? त्याची रवानगी तुरुंगात झाली.

मग मृताची बायको ठाण्यात आली. बाई मालवणकडची. तिचा जबाब अर्थातच माझ्याकडे आला.

"त्याका सोडा, बाईसाहेब," ती म्हणाली. "त्याचो काय दोष नाय. दसऱ्यापासून त्या मशीनच्या अंगात येता. आपसूक सुरू होता. आमचे हे रोज घरी येऊन सांगायचे. शेठला सांगितलं तर शेठ बोलला, पूजेत काय तरी राहिलं असेल, लिंबू बांधा."

लिंबू मी पंचनाम्याच्या वेळी पाहिले होते, मिरच्यांसह, मशीनच्या विजेच्या पॅनेलच्या दारावर. हवालदार हसू दाबत म्हणाला, "मॅडम, आता लिंबाचा पंचनामा करायचा काय?"

"लिंबाचा नाही, दसऱ्याचा," मी म्हणाले. "त्या दिवसासाठी कारखान्यात काय बदललं, ते बघायचंय."

मिक्सरची मोटर चारशे चाळीस व्होल्टवर चालत होती. बटणापासून पॅनेलपर्यंतच्या बारीक वायरी मात्र चोवीस व्होल्टच्या होत्या. त्यांचे काम फक्त हुकूम पोचवण्याचे. मोटरच्या जाड वायरी आणि या बारीक वायरी वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्या लागतात. त्या लांबवर चिकटून धावल्या, तर एखादी मोठी मोटर सुरू होताना तिच्या जाड तारांत उसळणाऱ्या प्रवाहामुळे बारीक तारांत वीज उमटते. मग कुणी बटण न दाबताही पॅनेलला हुकूम मिळतो.

कारखान्यात मात्र बारीक वायरी भिंतीवरून स्वतंत्र गेलेल्या दिसल्या.

"पहिल्यापासून तिथेच आहेत," मालक म्हणाला. "आणि मॅडम, चोवीस व्होल्ट म्हणजे खेळण्यातली वीज. त्याने माणूस मरतो काय? ऑपरेटरने कबूल केलंय ना? मग तुम्ही कशाला वायरिंगमध्ये पडता?"

भिंतीला दसऱ्यासाठी नवा हिरवा रंग दिलेला होता. रंगारी वायरी सोडवत बसत नाहीत. वायरीवरूनच ब्रश फिरवतात. या वायरींवर रंगाचा थेंबही नव्हता. मी पंचांसमक्ष एक क्लिप उपटली. तिच्याखालीही तोच ताजा हिरवा रंग होता.

वायरमनला ठाण्यात आणले. त्याला दरडावावे लागले नाही. मी ती क्लिप टेबलावर ठेवली आणि तो बोलू लागला.

"शेठ बोलले, पूजेला पाहुणे येणार, भिंत साफ दिसली पाहिजे, या वायरी काढ. मी बोललो, दुसरा पाइप टाकू. शेठ बोलले, मोटरच्या वायरींचा पाइप आहे, त्यातच ओढ. ओढल्या. तो माणूस गेला, तेव्हा शेठनी लगेच परत भिंतीवर मारायला लावल्या. तुम्ही यायच्या आत."

म्हणजे मित्र मित्राला इस्पितळात नेत होता, तेव्हा मालक क्लिपा ठोकून घेत होता!

विद्युत निरीक्षकांना बोलावले. त्यांच्या देखरेखीखाली बारीक वायरी पुन्हा जाड वायरींच्या त्याच पाइपातून ओढल्या, मिक्सर रिकामा ठेवला, बटणाजवळून सगळ्यांना दूर केले आणि ज्याच्या जाड वायरी त्याच पाइपात होत्या, त्या शेजारच्या रंग दळणाऱ्या यंत्राची मोटर सुरू केली. पहिल्या एकदोन खेपांना काहीच झाले नाही. मालक हसला. पुढच्या खेपेला मिक्सरची पाती फिरू लागली.

हयगय आणि पुरावा नष्ट करणे, या दोन्ही आरोपांखाली मालकाला अटक झाली. त्याचा जामीनदार मोटारीतून आला आणि संध्याकाळच्या आत मालक घरी गेला. एका पाइपाच्या खर्चासाठी आणि साफ भिंतीसाठी एक माणूस मेला होता, दुसरा तुरुंगात बसला होता.

त्यानंतर कबुली हातात आली, तरी जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी एकही आरोपपत्र पुढे पाठवले नाही. घटनास्थळी नुकतेच काय नीटनेटके केले आहे, हे मी आधी शोधत असे. मालकाने भिंत सजवली होती, हे खरे. पण खोटी कबुली उभी केली ती आम्ही, आमच्याच ठाण्यात. हे वरिष्ठांना मी तोंडावर सांगितले. ते बराच काळ माझ्याशी बोलले नाहीत.

ऑपरेटर सुटला, तेव्हा ती बाईच त्याला घेऊन ठाण्यात आली. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. मी बटण दाबलं नाही ना?"

"नाही. तुम्ही दाबलं नाही."

"नक्की?"

त्या बाईने त्याचा दंड धरला.

"बाईसाहेब सांगतत ना, नाय म्हणून? चल, घराक चल."