थोआमावशीचं पथ्य

कान थो शहराच्या बाजारात नूडल-सूपची गाडी लावणाऱ्या थोआमावशीला सगळ्यातलं सगळं कळायचं. म्हणून सून लुआच्या उजव्या हातावर उकळत्या रश्श्याचं पातेलं उलटलं, तेव्हा मावशीनं आधी माशाच्या सॉसची आख्खी बाटली त्यावर ओतली. तीही भारीतली. सुनेसाठी हात आखडणारी सासू नव्हे ती! लुआ किंचाळत होती, पण औषध म्हटलं की झोंबायचंच.

इस्पितळात डॉक्टर ख्येमनी जळकी कातडी कापून काढली, लुआच्याच मांडीवरची पातळ कातडी सोलून हातावर बसवली आणि बजावलं, "हिला अंडी, मासे, मांस भरपूर द्या. अंगात ताकद असली तरच ही कातडी धरेल. नाहीतर हात कामातून जाईल."

"पोरगेलासा आहे डॉक्टर," मावशी बाहेर येऊन मुलाला म्हणाली. "अंड्यानं डाग पांढरे पडतात, गोमांसानं काळे. एवढंही शिकवत नाहीत वाटतं यांना!"

मग काय, लुआला नुसती पेज आणि मीठ. शेजारणींनी पाठवलेली अंडी वाया जाऊ नयेत म्हणून मावशी स्वतःच खायची. केवढा तो त्याग!

"आई, भूक लागते हो," लुआ म्हणायची.

"गप गं. उद्या हात चितळासारखा दिसला तर मलाच बोल लावशील."

आठवड्यातच बसवलेली कातडी निसटली. पट्टी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "तू जेवतेस काय?"

लुआनं सासूकडे पाहिलं. "सगळं खाते. आई देतात."

मावशीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"हिच्या अंगात आता त्राण नाही, हिची कातडी लगेच काढता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तोवर जखम झाकायला दुसऱ्या कुणाची तरी हवी. ती टिकणार नाही, पण वेळ निभावेल."

"माझी घ्या," मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली.

पुढे मांडी बांधलेल्या अवस्थेत ती रोज लंगडत यायची आणि अंडं सोलून स्वतःच्या हातानं लुआला भरवायची. लुआच्या अंगात जीव आला, मग तिची स्वतःची कातडी पुन्हा बसवली. ती धरली. दोन बोटं मात्र कायमची आखडली.

आता गाडीवर लुआ डाव्या हातानं सूप वाढते. मावशी गिऱ्हाइकांना सुनेसाठी मांडी सोलून दिल्याची गोष्ट सांगते, अगदी रंगवून. "सासू असावी तर अशी!" असं कुणी म्हणालं की लुआ होकारार्थी मान हलवते आणि आखडलेल्या बोटांनी वाडगा पुढे सरकवते. मावशीच मग गोष्ट अर्धवट सोडते आणि उगाच पातेलं ढवळत बसते.