भावाच्या शब्दावर घेतलेली वीज

विजेचा जुना करार संपत आला तेव्हा कंपनीचा मेल आला. ठरलेल्या दराची मुदत संपतेय, पुढं काय करायचं ते कळवा, नाहीतर बदलत्या दरावर टाकू. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या कुणाला यात नवल वाटत नाही. असा मेल आला की माणसं दोन-चार कंपन्यांचे दर शेजारी शेजारी ठेवून बघतात आणि त्यातली एक निवडतात. जुनीला कळवायचं कामही नवी कंपनीच करते. माझे डच सहकारी यासाठी सुट्टीची एक सकाळ राखून ठेवतात आणि सोमवारी जेवणाच्या टेबलावर त्यावर चर्चा करतात. मी तो मेल सरळ दादाला फॉरवर्ड केला. वर एवढंच लिहिलं, "दादा, बघ ना हे."

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. मला सख्खा भाऊ नाही. मी वाखनिंगनला शिकायला आले त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत त्याची ओळख झाली. तो आयटीतला, बायको आणि दोन मुलींबरोबर झूटरमेरला राहणारा. मला खेमेंटेमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायचं होतं तेव्हा तो रजा काढून आला. ताप उतरेना तेव्हा डॉक्टरकडे घेऊन गेला आणि तिथल्या बाईशी माझ्या वतीनं भांडलाही. त्या दिवाळीत मी त्याला ओवाळलं आणि पुढं दर भाऊबीजेला ओवाळत राहिले. मी शिकले, नोकरीला लागले, इथंच बियाण्यांच्या प्रयोगशाळेत रुळले, पण कागद दिसला की दादाला पाठवायचा ही सवय काही गेली नाही.

त्यानं संध्याकाळी फोन केला. "तू डायनॅमिक घे. दर तासाला दर बदलतो. दुपारी ऊन-वारा असला की एकदम स्वस्त. फिक्स्डवाले बावळट असतात, उगीच जास्त भरतात. मी पण तेच घेतलंय."

"मग झालं तर," मी म्हणाले.

"फोनवर एक कोड येईल, तो सांग."

मी कोड सांगितला. दोन मिनिटांत सगळं झालं. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईला मी हे कौतुकानं सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. करार वाचलास का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, भावानं वाचलाय. ती म्हणाली, तिच्या भावानं करून दिला असता तर तिनं दोनदा वाचला असता. काय ही माणसं, असं माझ्या मनात आलं. सख्ख्या भावावर विश्वास नाही. आपल्याकडे घरच्या माणसाला कागद दाखव म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. विचार बदलला तर दोन आठवड्यांत कळवा, असा नव्या कंपनीचा मेल आला होता. तो मी उघडलासुद्धा नाही.

त्याच सुमारास आई आली, तीन महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. माझ्या फ्लॅटमध्ये गॅस नाही. शेगडी, अंघोळीचं पाणी, घर गरम ठेवणं, सगळं विजेवर. आणि थंडी सुरू झाली तसं या डायनॅमिक प्रकरणाचं खरं रूप दिसायला लागलं. फोनमधल्या ॲपवर दुसऱ्या दिवशीचे तास दिसायचे, स्वस्त हिरवे आणि महाग लाल. ऊन नाही आणि वाराही पडलेला, असे दिवस इथल्या हिवाळ्यात काही कमी नसतात. त्या दिवशी सगळं लालच. आणि संध्याकाळी, लोक घरी येऊन चूल पेटवतात त्या वेळी, सगळ्यात लाल.

आईला मी सांगितलं, सहा ते नऊ शेगडी लावायची नाही.

"विजेला कसला आलाय राहुकाळ?" आई म्हणाली. पण तिनं ऐकलं. ती दुपारीच पोळ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवायची. संध्याकाळी हीटिंग उतरवलेलं असायचं, तेव्हा कानटोपी आणि दोन स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसायची. मुलगी दमून घरी येते आणि तिला तव्यावरची पोळी वाढता येत नाही, याचं तिला फार लागायचं. ती तसं बोलून दाखवायची नाही, फक्त पोळीला जास्त तूप लावायची. मला तिची दया यायची आणि त्याच वेळी चिडचिडही व्हायची, कारण ती अंघोळीचं पाणी पहाटेच तापवायला लावायची आणि मी ॲप बघून तिला थांब म्हणायचे. आईला आपल्या घरात अंघोळीसाठी ताटकळत ठेवणारी मुलगी, असं माझं झालं होतं.

मधेच मी दादाला म्हणाले, मला हे काही झेपत नाही, बदलू का? तो म्हणाला, "घाई करू नकोस. वर्षाची सरासरी बघायची असते. मी पण धरून ठेवलंय ना?" त्यानं धरून ठेवलंय म्हटल्यावर मीही धरून ठेवलं.

एका रविवारी तो आईला भेटायला आला. आईनं मुहूर्त बघावा तसे हिरवे तास बघून दुपारी त्याच्यासाठी चकल्या तळल्या. त्याला खाताना बघत बसली आणि म्हणाली, "तुमच्याकडेही असंच का रे? पोरींना गरम खायला कसं मिळतं मग?"

"हो काकू, सगळीकडे असंच," तो म्हणाला. "सवय होते." आणि आणखी एक चकली घेतली.

आई परत गेली त्या दिवशी तोच आम्हाला विमानतळावर घेऊन गेला. आत जाताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुला इथं भाऊ आहे. आता माझे डोळे मिटले तरी चालतील." मी तिला, काहीतरीच बोलू नकोस, म्हणून रागावले. पण आतून बरं वाटलं होतं. लग्न केलं नाहीस, परक्या देशात एकटी काय करशील, हा बाबांच्या वेळेपासून चाललेला धोशा त्या एका वाक्यानं संपला होता.

मार्चमध्ये दादाच्या धाकटीचा वाढदिवस होता. वहिनीला मदत करावी म्हणून मी लवकर गेले. स्वयंपाकघरात शिरले तर इंडक्शनवर दोन्हीकडे पातेली, ड्रायर घरघरतोय, डिशवॉशर चालू, आणि ओट्यावरच्या नव्याकोऱ्या एअर फ्रायरमध्ये समोसे.

"वहिनी, अगं सहा वाजलेत!"

"वाजू देत की. पाहुणे सातला येणारेत."

"तसं नाही गं. आत्ता किती लाल असेल!"

"काय लाल असेल?" तिनं समोशांकडे बघितलं.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. डायनॅमिकवर हिवाळा काढलेल्या बाईला संध्याकाळचे सहा म्हणजे काय हे विसरणं शक्य नाही. मी मात्र तिला समजावत बसले, ॲप, तास, दर. ती हसली. "ते होय! आमचं नाही बाई तसलं. आमचं फिक्स्ड आहे, तीन वर्षं बघायला नको. हा म्हणाला, पोरी आहेत घरात, कुठं रोज ते बघत बसायचं." आणि समोसे उलटता उलटता, अगदी निर्मळपणे, "हा फ्रायर पण तुमच्यामुळेच आला. त्यानं तुला आणि मंडळातल्या बाकीच्यांना त्या कंपनीत आणलं ना, त्याचे पॉइंट मिळाले. त्यातनं घेतला. खाऊन बघ, तेल नाही काही."

मी खाल्ला. काय करणार, तिनं हातात दिला होता. बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मग पाहुणे आले, केक कापला, फोटो निघाले. सगळ्या फोटोंत मी हसतेय.

दादा मला स्टेशनवर सोडायला निघाला तेव्हा गाडीत मी विचारलं. आवाज चढवला नाही, पण चढलाच असावा, कारण त्यानं रेडिओ बंद केला.

"तू फिक्स्ड घेतलंयस."

"हो, म्हणजे, आमची केस वेगळी आहे."

"मग मला 'मी पण घेतलंय' का म्हणालास?"

खोटं बोलेल असं वाटलं होतं. बोलला असता तर बरं झालं असतं. "तसं म्हटलं नसतं तर तू घेतलं असतंस का?" तो म्हणाला. इतक्या सहज, की मी त्याच्या ऑफिसातल्या कुठल्या तरी मीटिंगमध्ये बसलेय असं मला वाटलं. "आणि चुकीचं नाही सांगितलं तुला. एकट्या माणसाला डायनॅमिकच परवडतं. तू एकटी. सकाळी जातेस, संध्याकाळी येतेस. तुला काय फरक पडतो? मुलंबाळं असलेल्या घरात रिस्क घेता येत नाही."

"आई होती."

"काकू काय गं, पाहुण्या. तीन महिन्यांचा तर प्रश्न होता."

त्या पॉइंटांचं मला काही वाटलं नाही. मला म्हणाला असता, फ्रायर हवाय, तर मीच घेऊन दिला असता. मला आठवत होती ती चकली खात "हो काकू, सगळीकडे असंच" म्हणणारी त्याची जीभ. माझी आई समोर दोन स्वेटरांत बसली होती आणि याच्या घरी पोरी गरम फुलके खात होत्या. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्या घरातली आहे. त्यानं हिशेब केला तेव्हा घर वेगळं होतं आणि मी वेगळी. मी गाडीतून उतरले आणि दार जरा जोरातच लावलं.

पुढच्याच आठवड्यात मी स्वतः बसून ठरलेल्या दराचा करार केला. काही अवघड नव्हतं. वाचता येणाऱ्या कुणालाही जमलं असतं.

त्यानंतर तो भांडला नाही, रुसला नाही, समजूत काढायला आला नाही. मंडळाच्या ग्रुपवर नेहमीसारखे विनोद टाकत राहिला. दिवाळी आली तशी त्यानं मला लिहिलं, "भाऊबीजेला कधी येऊ?" मी रागानं मोठमोठे परिच्छेद लिहिले आणि पुसले. शेवटी लिहिलं, "या वर्षी नको." मला वाटलं, आता तरी फोन करेल. का गं, असं तरी विचारेल. त्यानं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

भाऊबीजेच्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला. बसणं-उठणं आता तिला जड झालंय, पण त्या दिवशी नवी साडी नेसून, केस नीट करून बसली होती.

"आला होता का गं तो?"

"हो," मी म्हणाले. "आत्ताच गेला."

"ओवाळणीत काय घातलंन?"

"साडी."

"अगं बाई! रंग कोणता?"

"मोरपंखी."

आईचा चेहरा एवढासा झालेला असतो हल्ली, तो फुलला. "भावाला बरोबर कळतं बहिणीला काय शोभतं ते," ती म्हणाली. "नेसून दाखव ना."

मी म्हणाले, फॉल लावायचाय, पुढच्या रविवारी दाखवते. फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडून मोरपंखी साड्या शोधायला लागले. रविवारच्या आत घरपोच देणारं दुकान हवं होतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आणि मी त्याच्या नावानं साडी निवडत होते.